लेकराच्या पिक्चरची बटई

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत गुरुजींशी भांडण झालं, ते मी अजून मिटवलेलं नाही. पण जवळा बाजारच्या बाजारात माझा शब्द चालतो. सोयाबीन कधी काढायचं आणि कधी दाबून ठेवायचं, हे लोक मला विचारतात. म्हणूनच मी लेकरांच्या पिक्चरात पैसा घातला तेव्हा गावाला मोठी गंमत वाटली.

माझ्या लेकीची पोरगी पुण्याला पिक्चर काढायचं शिकली. एक दिवस येऊन म्हणाली, "आबा, एक लेकरू आन् त्याचं हरवलेलं करडू, एवढीच गोष्ट हाय. आपल्याच शिवारात करायची." निम्मा पैसा हिंगोलीचा एक अडत्या घालणार होता. निम्मा कमी पडत होता.

"देतो," मी म्हटलं, "पण बटईनं."

बटई आमच्या हाडात आहे. जमीन-बियाणं एकाचं, कष्ट दुसऱ्याचे, येईल ते निम्मं निम्मं. बुडालं तर कुणी कुणाला बोल लावायचा नाही. पोरगी हसली. "आबा, याला पाऊस न्हाई लागत."

"मग काय लागतं?"

"लेकरू लागतं," ती म्हणाली.

लेकरू मिळालं शिरड शहापूरच्या वाटेवरच्या एका मजुराच्या घरी. समोरचा दात पडलेला आणि केस पार खांद्याच्या खाली. पुण्याची मंडळी त्या केसांवरच खूश झाली. एवढ्या मोठ्या पोराचे केस का राखले, हे त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना त्यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही. आणि आम्हीही विचारलं नाही. आमच्याकडं असे केस नवसाचे असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, मग विचारायचं काय?

निम्मं शूटिंग झालं आणि सोयाबीन काढणीला आलं. लेकराची माय म्हणाली, आता मी कामाला जाणार, पोरगं माझ्यासंगं येणार. बराबरच होतं. शूटिंग थांबलं. काढणी उरकून पोरगं परत आलं ते चकचकीत टक्कल घेऊन.

"ताई, देवाला बोलले होते मी," माय माझ्या नातीला म्हणाली. "सुगी झाली की जावळ काढीन म्हनून. मागच्या सालीच राहून गेलतं. तुमीबी कुटं काय म्हनल्या?"

कॅमेरावाल्यानं पोराला केसांचा टोप घातला. पोरगं सोंग घेतल्यासारखं दिसू लागलं आणि सारखं डोकं खाजवू लागलं. दुसरं पोरगं घ्यायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून. अडत्यानं गाडीतून उतरून टक्कल पाहिलं, चहा पिला आणि म्हणाला, "काका, सोयाबीनला इमा तरी असतो. याला काय हाय? मी निघालो." तो निघाला तो निघालाच.

मी म्हटलं, थांबू. केस उगवतात. आणि अडत्याचा वाटाही मीच घालतो, बाजाररस्त्यावरचा प्लॉट विकून.

त्या प्लॉटवर माझ्या पोराला खताचं दुकान टाकायचं होतं. ओसरीवर मोठं भांडण झालं.

"बापू, येड लागलं का तुमाला? टकल्या पोरासाठी प्लॉट इकून राहिले!"

"पैसा पुरा वापस न्हाई आला तर घराचा कारभार तुझा. माल घेऊन बाजारात तूच जा. मी ओसरीवर बसंन."

"बसवंल का तुमच्यानं?" पोरगा म्हणाला, आणि आत सुनेला हसू फुटलं ते मला ऐकू आलं.

पुढच्या साली केस कानाखाली आले. पण तोवर दातही आला होता. पोरगं वीतभर उंच झालं होतं आणि करडाचा तर बोकड झाला होता. कॅमेरावाला म्हणाला, "आजोबा, हा तो मुलगाच नाही." शेतात थांबलं की पीक भरतं. लेकराच्या पिक्चरात थांबलं की पीक हातचं जातं. "लेकरू लागतं" असं नात पहिल्याच दिवशी म्हणाली होती ते हेच, पण तिनं ते जरा खुलासेवार सांगायला पाहिजे होतं.

मात्र ती माझीच नात. बांधावर जाऊन बसली, गोष्ट मोडली आणि नवी जुळवली. लेकरू सालभर करडाची वाट बघतं, नवसाचे केसही देऊन टाकतं, आणि करडू सापडतं तेव्हा ते मोठं झालेलं असतं, लेकराला ओळखत नाही. तिनं मला ती वाचून दाखवली तेव्हा माझ्या डोळ्यात कुसळ गेलं. मी हट्टानं थांबलो नसतो तर ही गोष्ट जन्मालाच आली नसती. कुणी याला योगायोग म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

करणं सोपं, विकणं अवघड निघालं. टॉकीजवाला म्हणाला, "लेकरं एकटी येत न्हाईत आन् मायबाप लेकरांचं बघत न्हाईत." त्यानं शाळेच्या दिवशी सकाळचा खेळ दिला. चॅनलवाल्यांना कार्टून पाहिजे होतं. शेवटी एका चॅनलनं घेतला, पण त्यांच्या भावानं. माझ्या हातात प्लॉटाचा निम्मा पैसाही आला नाही.

रविवारी टीव्हीवर लागला. आम्ही टीव्ही ओसरीवर आणला, सगळी गल्ली जमली. लेकराची माय सगळ्यात पुढं बसली होती. बोकडानं पोराकडं पाठ फिरवली तशी ती टीव्हीलाच ओरडली, "आरं मुडद्या, वळख की त्याला!" कुणी हसलं नाही. माझा पोरगा खांबाला टेकून उभा होता, तोही नाही.

सकाळी मी त्याला बोलावलं. कारभार दिला.

"राहू द्या बापू. मी रागात बोललो होतो."

"मी रागात न्हवतो बोललो," मी म्हटलं.

तेव्हापासून माल तोच नेतो. भाव चुकला तरी मी तोंड उघडत नाही. त्यानं किती तकलीफ होते ते माझं मला ठाऊक.

मागच्या महिन्यात गोरेगावचा एक दुकानदार जीप करून आला. त्याचा भाचा टीव्हीसाठी लेकरांची मालिका काढून राहिला होता आणि मामाकडं पैसा मागत होता. "तुमच्याकडं कारभारी कोण?" त्यानं विचारलं. मी पोराकडं बोट केलं.

पोरानं त्याला खुर्ची दिली ती माझ्यासमोर. "सोयाबीनचं असंल तर मला इचारा," तो म्हणाला. "पिक्चरचं बापूला. आमच्या घरात तेवढं त्यांनाच कळतं."

मी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि दुकानदाराला म्हटलं, "पहिले हे सांगा, लेकराच्या मायला कोणी भेटून आलं का?"