पूजेतली पेटी

परवा माझ्या संग्रहातली एक जुनी लष्करी प्रथमोपचार पेटी उघडली आणि आयोडिनचा वास सूसच्या आमच्या फ्लॅटभर पसरला. त्या वासानं मला थेट लवळ्याला नेलं, फार वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला.

फौजेत जखमींना पट्ट्या बांधणाऱ्या एका दिवंगत जवानाचं घर होतं तिथं. त्याची पेटी संग्रहासाठी मिळवायलाच मी गेलो होतो. ती पूजेत मांडलेली, कोयत्याशेजारी.

"माणसं वाचवली तिनं. ती बी हत्यारच हाय," त्याची बायको सखूबाई म्हणाली.

दरवर्षीच्या तेलानं, हळदीकुंकवानं झाकण घट्ट बसलं होतं. तिचा मुलगा छिन्नी घेऊन आला. मी ओरडलोच, "अहो, थांबा!" मग फटीत कोमट खोबरेल सोडत, छिन्नीच्या लाकडी मुठीनं हलके ठोकत दुपारपर्यंत बसलो. एकदाचं झाकण निघालं! आत पट्ट्या जशाच्या तशा, आणि हाच वास.

सखूबाईनं डोळे मिटले. "रजेवर आले की ह्यांच्या कापडाला ह्योच वास यायचा!" आणि ती नव्या नवरीसारखी हसली. "न्या आता. तुमचीच हाय."

मी पेटी उचलली आणि परत कोयत्याशेजारी ठेवली.

लोक माझं पेट्यांचं कपाट बघून विचारतात, "यातली सगळ्यात भारी कुठली?"

मी ऐटीत सांगतो, "ती इथं नाही. लवळ्यात पूजेला असते."