माझ्यामार्फत कुही

माझ्या ताईला आता सगळेच ताई म्हणतात. इतवारीतला भांड्यांचा व्यापारी म्हणतो, एक निवृत्त इंजिनिअर साहेब म्हणतात, आणि हे दोघंही वयानं तिच्याहून मोठे आहेत. मला हे अजिबात आवडत नाही. ती माझी ताई आहे.

आमचा हॅम रेडिओवाल्यांचा गट आहे. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढलेली हौशी माणसं आम्ही, रोज सकाळी चहाच्या वेळेला एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमतो. एक जण हजेरी घेतो. आपली पाळी आली की दोन-चार वाक्यं बोलायची, एवढंच. ताई शहरापासून दूर, कुही गावात राहते. शाळेतून निवृत्त झाली, घरात एकटी. परीक्षेला तिला मीच बसवलं आणि वॉकीटॉकीसारखा हातात मावणारा साधा हँडसेटही मीच आणून दिला. गटाचं बोलणं तिला ऐकू यायचं, पण कुहीहून त्या हँडसेटचा आवाज शहरात कोणालाच ऐकू यायचा नाही. यायचा तो फक्त बेसाला, माझ्या घरी. एवढा उंच अँटेना गटात दुसऱ्या कोणाकडे नव्हता, आणि तो मी मुद्दाम कुहीकडे तोंड करून बसवला होता.

त्यामुळे ताई बोलायची, मी ऐकायचो आणि तेच पुढे सर्वांना सांगायचो. "कुहीला भाताची रोवणी सुरू झाली, सर्वांना नमस्कार." कित्येक वर्षं कुहीची हजेरी अशी माझ्या तोंडून लागली. गटात मला कुहीचे वकील म्हणायचे. मी वरवर चिडायचो आणि आतून फुलून जायचो.

मग गटातल्या त्या इतवारीवाल्याच्या अंगात आलं. त्यानं साबणाच्या वडीएवढी एक डबी जुळवली. हँडसेट तोच, घरातलं वायफाय तेच; डबी जवळ ठेवली की हँडसेटवरचं बोलणं इंटरनेटवरून थेट गटात. उंच अँटेना नको, खर्च नको, माझ्यासारख्याची मनधरणी नको. "आता परवाना असला म्हणजे झालं, कोणीबी या," असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. एका रविवारी मला न विचारता कुहीला गेला, ताईकडे डबी लावून आला आणि वर तिच्या हातचं जेवूनही आला. वांग्याची भाजी फार चांगली झाली होती, हेही त्यानं मला आवर्जून कळवलं.

दुसऱ्या दिवशी ताई थेट बोलली. आवाज इतका स्वच्छ, की शेजारच्या खोलीत बसली आहे असं वाटावं. शेजारणीची बकरी भर दुपारी येऊन तिच्या कूलरसमोर बसते आणि उठवायला गेलं तर डोळे वटारते, ही हकिगत तिनं ऐटीत, सावकाश सांगितली. सगळे पोट धरून हसले. तीच हकिगत तिनं मलाही सांगितली होती. मी ती पुढे "कुहीला ऊन फार आहे" एवढीच पाठवली होती.

"तुमच्या ताई इतक्या गमत्या आहेत, तुम्ही कधी बोलले नाही," इंजिनिअर साहेब मला म्हणाले. माझा तिळपापड झाला. हा रेडिओ नव्हेच, हा तर टेलिफोन, असं मी दुसऱ्या सकाळी माझ्या पाळीला सर्वांना ऐकवलं. हजेरी पुढे सरकली, आणि पुढची पाळी कुहीची होती.

शेवटी न राहवून मी कुहीला गेलो. ताई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती.

"काहून घेतली वं ती डबी? मी होतो ना."

"तू होता तवा होता." तिनं सुपातून नजर काढली नाही. "मागच्या दिवाळीत तू लेकीकडे बंगलोरले गेला होता. मी रोज सकाळी आवाज देऊन राहिली होती. मी हजर होती गा, अन् मले रोज गैरहजर धरलं."

"मंग मले फोन करायचा."

"तुले काहून करू? मले का तुह्याशी बोलायचं होतं? मले त्या सगळ्याहिच्यात बसायचं होतं."

मी चहा न घेताच निघालो. रस्ताभर ती दिवाळी डोळ्यांसमोर येत राहिली. बंगलोरला मी मजेत होतो आणि कुहीची हजेरी कशी लागत असेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

इतवारीवाला सध्या सहकुटुंब केरळ फिरतो आहे. ताई रोज सकाळी हजर असते, आणि तो इथे नाही म्हणून तिचं काहीच अडलेलं नाही. आपण नसतानाही चालत राहील असं काही करून ठेवणं मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. त्याचा हेवा मला आता सगळ्यात जास्त याच गोष्टीचा वाटतो.