आमच्याकडे मीठ बेताचंच

रांधताना मी कधी चाखलं नाही. लग्न होऊन भांडुपला आले तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी दटावलं, "चाखू नको गो, उष्टा जाता." आधी देवाला नैवेद्य, मग पुरुषांची पानं, मग आपण. मीठ चिमटीच्या अंदाजाने. पन्नास वर्षं तो अंदाज चुकला नाही आणि मला त्याची घमेंड होती. होतीच, खोटं कशाला बोलू?

दीड-दोन वर्षांपूर्वी मला सगळंच सपक लागायला लागलं. बांगड्याचं तिखलं तोंडात घालावं तर नुसता चोथा. वाटलं, हल्लीचे मासे बर्फातले, मीठही पिशवीतलं, कसली चव येणार डोंबलाची! मग दुसऱ्या दिवशी चिमूट जरा मोठी. पुढे पुढे मूठच म्हणा ना.

आमचे हे माझ्याआधी जेवायचे. अवाक्षर नाही. नुसतं तांब्या तांब्या पाणी. मी वर चिडवायचे, "अहो, पाण्यानेच पोट भरताय, जेवण काय शेजारी देऊ?" ते हसायचे. लग्नानंतर एकदाच म्हणाले होते, "आज जरा खारट झालंय." खारट नव्हतंच ते. मी पातेलं उचलून मोरीत ओतलं आणि दोन दिवस बोलले नव्हते.

त्यांच्या बीपीच्या गोळ्या एकाच्या दोन झाल्या. डॉक्टर मला म्हणाले, "मावशी, मीठ कमी करा हं." मी फणकारले, "आमच्याकडे मीठ बेताचंच असतं. माझ्या हाताचं कुणालाही विचारा." हे शेजारच्या खुर्चीत बसले होते. तेव्हा तरी बोलायचं! बसले आपले पँटची गुडघ्यावरची घडी सारखी करत.

दिवाळीच्या आधी एका सकाळी दाढी करता करता त्यांचं तोंड वाकडं झालं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा घाटकोपरची लेक राहायला आली. दुपारी मी तिला वाढलं. पहिला घास घेतला आणि ती बेसिनकडे धावली.

"आई, तू बाबांना हे देत होतीस?"

"काय झालं? अळणीच आहे की."

ती माझ्याकडे बघत राहिली. असं कुणी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

मग माझं रक्त तपासलं. झिंक कमी. डॉक्टर म्हणाले, वय झालं की होतं असं. चहा-बिस्किटांवर दिवस काढता, वर वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या. चव हळूहळू जाते, ज्याची जाते त्याला कळतही नाही. ह्यांना झटका नेमका कशाने आला हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, मी मनाला लावून घेऊ नये, असंही म्हणाले. भला माणूस. चार महिने गोळ्या खाल्ल्या. रिपोर्ट सुधारला, जीभ काही सुधारली नाही. या वयात सगळ्यांची चव परत येतेच असं नाही म्हणे.

आता स्वयंपाकाला बाई येते. मी ह्यांच्या पलंगाशी बसते आणि एकच विचारते, "का नाही बोललात हो? पातेलं ओतलं असतं, दोन दिवस धुसफुसले असते, त्यापलीकडे काय केलं असतं मी?" उत्तर कुठून येणार? आधी राग येतो, मग रडू. रोजचंच झालंय.

परवा बाईची दांडी होती. मी पेज केली. मुद्दाम मिठाचा एक कणही घातला नाही. म्हटलं, आज बघतेच ह्यांच्याकडे.

चमचा भरवला. "मीठ बरोबर आहे ना?"

त्यांनी मान हलवली. हो.

"नीट सांगा. मला खरं ऐकायचंय."

त्यांनी डावा हात कसाबसा उचलला, अंगठा आणि बोट जुळवलं. झकास.

"अहो, मीठ घातलेलंच नाही मी!" मी ओरडलेच. शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

त्यांनी पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.