बूटवाली येऊ दे

"थांब वं काशे, ते बूटवाली येऊ दे. तिले पाहून शिपाई गाड्या अडवते, मंग आपुन जाऊ."

मी त्या बायकांच्या मागेच उभी होते. त्यांना मी दिसले नव्हते. बूटवाली म्हणजे मी. तिथून पुढे जे घडलं ते आज सकाळपर्यंत मी कुणाला सांगितलं नव्हतं — आईलासुद्धा नाही.

सीताबर्डीचा तो रस्ता. दोन चौकांच्या मधोमध एका बाजूला काटोलच्या मोटारीतून संत्र्यांच्या टोपल्या उतरतात, समोर फळबाजार आणि त्याला लागून आमच्या इंग्रजी शाळेचं फाटक. मध्ये वाहतुकीचा शिपाई. त्याचा नियम साधा — गाड्यांची रांग तुटली की पायी चालणाऱ्यांनी जायचं. पण लढाई सुरू झाल्यापासून लष्करी लॉऱ्या, टांगे, मोटारी... रांग तुटणार कधी? डोक्यावर टोपली घेऊन त्या बायका ताटकळायच्या. तिकडे लिलाव सुरू व्हायचा. उशिरा पोचलेल्या टोपलीला कोण विचारतं?

आणि मी आले, की शिपायाचा हात वर! हा मान माझ्या बुटांना, गणवेशाला की वडिलांच्या हुद्द्याला — मी कधी विचारलं नाही. वर्गात हजेरी देताना जिचा आवाज फुटत नाही, तिच्यासाठी अख्खा रस्ता थांबायचा. मला ते आवडायचं. खरं सांगते, फार आवडायचं. माझ्यामागून टोपल्या लगबगीनं निघायच्या आणि काशी हसून म्हणायची, "चाल वं माय, तुह्या मागं आमचीबी वरात!"

ही वरात एकदा फाटकातून माझ्या वर्गातल्या मुलींनी पाहिली. दिवसभर मी त्यांची 'संत्र्यांची महाराणी' होते. एवढंच. एवढ्याशा चिडवण्यानं माणूस काय करू शकतं?

दुसऱ्या सकाळी मी कापडाच्या दुकानाच्या खांबाआड उभी राहिले. या बायका गेल्या की आपण एकटीनं जाऊ — असं मी स्वतःला सांगितलं. पण त्या जाणार कशा? त्या माझ्यासाठीच थांबल्या होत्या. हे तेव्हा कळलं नाही, असं म्हणता आलं असतं. कळलं होतं. काशी पुन्हा पुन्हा मी येते त्या वळणाकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे. बाजारातून लिलावाची आरोळी आली. काशीनं टोपली सावरली आणि एकटीच रस्त्यात उतरली.

टांग्याचा घोडा उधळला. संत्री चाकांखाली. काशी उजव्या हातावर पडली होती.

"म्या हात देल्ला होता का? काहून घुसली?" शिपाई तिच्यावर ओरडला.

"त्या बाईची वाट पाहून राहिली होती जी," ती कण्हत म्हणाली. "आज आलीच नाही ते."

तेवढ्यात मी खांबाआडून पुढे झाले. त्यानं अदबीनं विचारलं, "बाई, तुमी पाह्यलं का?"

"नाही," मी म्हणाले. "मी आत्ताच आले."

त्यानं हात वर केला. गाड्या थांबल्या. आणि मी — चिरडलेल्या संत्र्यांवरून — शाळेत गेले.

तिचं मनगट वाकडंच सांधलं. आता ती टोपली डाव्या हातानं धरते. चूक तिचीच, असं सगळ्यांनी ठरवलं; तिनंही मानलं. तरी ती माझी वाट पाहते. तोच विनोद करते. मी रोज त्याला हसत आले.

आज सकाळी हात वर झाला. कामठीहून आलेली लॉरी कचकन थांबली. मागून काशी म्हणाली, "चाल वं माय." आणि मी रस्त्याच्या मधोमध उभीच राहिले! भोंगे वाजू लागले, शिपाई हातवारे करू लागला, फाटकातल्या मुली बघू लागल्या. बघू देत. मी मागे वळले आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले —

"काशीबाई, त्या दिवशी मी आले होते. खांबाआड उभी होते. तुम्ही माझी वाट पाहत होतात, ते मला दिसत होतं."