गळालेल्यांचा रकाना

विमा कार्यालयात तिला सगळे आकडेताई म्हणत. सरकारी आरोग्य विम्यात कुठल्या वस्तीतली किती माणसं आली, हे ती दर महिन्याला दाराबाहेरच्या फळ्यावर लिहायची. अक्षर टपोरं, रस्त्यापलीकडून वाचता येईल असं. आकडा कायम चढता. घरी सासूबाई ताप विचारावा तसं विचारायच्या, "आज किती चढला गं?"

पण दरवर्षी एकदा खिडकीवर येऊन सही केली नाही, तर विम्यातून नाव गळायचं. ते गळणं फळ्यावर कधी आलंच नव्हतं. यंदा वरून हुकूम आला: गळालेल्यांचाही आकडा जाहीर करा, वस्तीवार.

तिने कागद साहेबांपुढे ठेवला. साहेब भला माणूस, फक्त वादापासून चार हात लांब राहणारा.

"बाई, टाकीमागच्या गल्लीतली निम्मी माणसं गळालीत? हे बाहेर लावलं तर लोक आपल्याला फाडून खातील."

"खातील, साहेब. पण नाही लावलं तर त्यांना हे दवाखान्यात कळेल, पेशंट स्ट्रेचरवर असताना. महिनाअखेरपर्यंत आले तर नाव परत लागतं. नंतर नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "लिहा. मोठं लिहा. बोलणी खायला मी आहे. नाहीतरी सरकार मला पगार कशाचा देतं?"

दुपारी टाकीमागच्या गल्लीतला इस्त्रीवाला फळ्यासमोर थबकला आणि खांद्यावरच्या गाठोड्यासकट आत आला.

"आकडेताई, आमच्या गल्लीचं काहीतरी चुकलंय. सही करायला या, असा मेसेज आमच्याकडे कुणालाच आला नाही."

"सगळ्यांना गेलाय, दादा. थांबा, बघते." तिने गल्लीतली गळालेली नावं संगणकावर उघडली. नावं वेगवेगळी, पुढचा फोन नंबर मात्र एकच. तिने तो वाचून दाखवला.

इस्त्रीवाल्याचं तोंड उतरलं. "हा तर माझा."

नाव नोंदवताना कुणाचा फोन बिघडलेला होता, कुणाचा मुलाने कामावर नेलेला. इस्त्रीवाल्याचा फोन दुकानात सदा चार्जिंगला आणि सदा चालू. मग ज्याने त्याने त्याचाच नंबर ठोकून दिला होता.

"एके दिवशी तोच तोच मेसेज धडाधड यायला लागला," तो म्हणाला. "मला वाटलं, मशीनचं डोकं फिरलं. न वाचताच सगळे उडवले."

"त्यातला एक तुमच्या घरचा होता."

तो गाठोड्यावरच बसला. पुढच्या महिन्यात त्याच्या बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. हल्ली ती कॉलर बोटांनी चाचपून मगच घडी घालायची.

"आता हो, ताई?"

"आता तिला घेऊन या. अजून वेळ गेलेली नाही. आणि गल्लीत सगळ्यांना सांगा."

संध्याकाळी तो घरोघरी कपडे पोहोचवत फिरला. प्रत्येक दारात तेच: "हे तुमचे शर्ट. आणि तुमचा विमा मी घालवलाय, उद्या सही करायला चला." कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या. एक म्हातारी म्हणाली, "मेल्या, पदर जाळलास तेव्हाही काही बोलले नाही मी!"

सकाळी खिडकीपुढे अख्खी गल्ली उभी. म्हाताऱ्यांसाठी साहेब स्वतः खुर्च्या उचलून आणत होते.

"आधी का नाही लावलात हा आकडा?" एकाने त्यांना गाठलंच.

"लावायला हवा होता. चुकलं आमचं," साहेब म्हणाले. मग खिडकीशी वाकून म्हणाले, "बाई, फळ्यावर अजून एक रकाना घाला. परत आलेले."

इस्त्रीवाल्याच्या बायकोचा नंबर आला. नाक कागदाला टेकेल इतकी वाकून तिने सही केली, सावकाश, शिवण घालावी तशी.

"फोन नंबर?" आकडेताईने विचारलं.

"लिहा की ह्यांचाच."

"नको!" सगळी रांग एका सुरात ओरडली. इस्त्रीवाला कान धरून उभा राहिला. त्याची बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"बरं बाई, सुनेचा लिहा. ती वाचल्याशिवाय काही उडवत नाही." मग तिचं हसू थांबलं. खिडकीची कड चाचपून ती जवळ सरकली. "ताई, ऑपरेशन ठरल्या दिवशीच होईल ना?"

आकडेताईने नाव परत लावलं. पडद्यावर 'चालू' असं उमटेपर्यंत ती थांबली.

"होईल. निवांत जा."