नवा एजंट

आमच्या गावाचा एजंट अकरा वर्षं माझे बाबा होते आणि त्यातली शेवटची चार वर्षं मी होते. यातली दुसरी गोष्ट फक्त तीन माणसांना ठाऊक होती: बाबांना, मला आणि भाईजानना.

भाईजान म्हणजे आमचे दिग्दर्शक. आखातात नोकरी करून परतताना ते एक झकास कॅमेरा घेऊन आले आणि मुरुडपासून म्हसळ्यापर्यंत लग्नांचं शूटिंग करायला लागले. दोन लग्नांच्या मधे रिकामे बसले की त्यांचे हात शिवशिवायचे. त्यातून दर वर्षी गावच्याच माणसांना घेऊन एक हेरपट, म्हणजे गुप्त एजंटचा सिनेमा, निघू लागला. शिमग्याला सगळ्या होड्या घरी असतात. तेव्हा संध्याकाळी मासळी सुकवायच्या मैदानात पडदा बांधून तो दाखवायचा, आणि अख्खा गाव चटया घेऊन हजर.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. उंच, ताठ आणि मोजकं बोलणारे. भाईजानना आणखी काय हवं होतं? गोष्ट दर वर्षी थोडीफार बदलायची, शेवट मात्र ठरलेला. एजंट धक्क्यावरून धावत येणार आणि चालत्या होडीत उडी मारणार. ती उडी पाहिल्याशिवाय कुणी चटई गुंडाळत नसे.

सातव्या चित्रपटानंतर बाबांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी उडीचं नावही काढू नका म्हणून बजावलं. आम्ही घरचा एक छोटा लॉज चालवतो; भाईजान तोंड पाडून त्याच्या पायरीवर बसले, तेव्हा मीच म्हटलं, "पाठमोरी मी मारते की!" उंची मला बाबांचीच मिळालीय, आणि उजवा खांदा किंचित पाडून चालणंही. दुपारी गाव जेवून आडवा झाला की आम्ही तिघं धक्क्यावर जायचो. केस टोपीत, अंगात बाबांचा कोट, आणि धूम!

अडचण एकच होती. उडी मारताना मंगळसूत्र कोटातून उसळून बाहेर यायचं. लग्न नवीन होतं, काढून ठेवायला मन होईना. म्हणून मी डावा हात छातीशी घट्ट धरून उडी मारायची.

गावाला वाटलं, एजंट खिशातला गुप्त कागद सांभाळतोय. झाली स्टाइल! शाळेतली पोरं छातीशी हात धरून बाकांवरून उड्या मारायला लागली. बाजारात कोळणी बाबांना म्हणायच्या, "या वयात काय उडी हाय तुमची!" आणि वाट्यात दोन बांगडे वरून टाकायच्या. बाबा नुसते हसायचे. मला गुदगुल्याही व्हायच्या आणि रागही यायचा. उडी माझी आणि बांगडे बाबांना!

गेल्या शिमग्याला मात्र घोटाळा झाला. मारामारीच्या प्रसंगात बाबा खाली बसले ते उठेचनात. शेवटी खलनायकानेच त्यांना बखोटीला धरून उभं केलं, आणि भाईजान ते कापायला विसरले. मैदान खो खो हसलं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आठवड्याभराने भाईजान घरी आले. चहा गार होईस्तोवर इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "काका, तिकडे परदेशात पन एजंट बदलतात. दुनिया बंद न्हाय पडत."

"बदला," बाबा म्हणाले.

मला ती भूमिका हवी होती. अगदी पोटातून हवी होती. लॉजच्या खोल्यांत चादरी बदलताना मी आरशासमोर गर्रकन वळून पाहत असे, कारण चार वर्षांत माझं तोंड एकदाही पडद्यावर दिसलं नव्हतं. पण मागायची कशी? मागायची तर उड्या माझ्या होत्या हे सांगावं लागणार. निवृत्तीनंतर बाबांकडे गावात मिरवायला तेवढी एक उडीच उरली होती. मी नुसती दुसऱ्यांदा चहा मागणाऱ्या पाहुण्यांवर खेकसत राहिले.

निवड धक्क्यावर झाली, भर दुपारी, ओहोटीला. होडी चांगली माणूसभर खाली गेली होती. काशीदला पर्यटकांना बोटीतून फिरवणारा एक पठ्ठ्या काळा चष्मा लावून आला. छातीशी हात धरून धावला आणि होडी सोडून थेट पाण्यात. चष्मा अजून तिथेच आहे. शाळेचे पीटीचे सर आले. त्यांनी आधी गादी मागितली. मग अत्तराचा घमघमाट सोडत एक इलेक्ट्रिशियन आला, त्याची उडी बरी होती, पण हात उजवा धरला म्हणून बायकांनी त्याला बाद केलं. मी हसून हसून खाली बसले. हे एवढे दांडगे बाप्ये, आणि एकेक जण जीव तोडून माझं मंगळसूत्र सांभाळतोय!

एवढ्यात सुकटवाली आजी उठली. धक्क्यावर तिचा शब्द कुणी मोडत नाही. बाबांकडे हात करून म्हणाली, "या कुनाला ती उडी जमाची न्हाय. तूच दाव रं यांना एकदा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा उठले. त्यांनी कोट चढवला, बटणं लावली आणि ते चालत थेट धक्क्याच्या कडेला गेले. डावा हात छातीशी नेला. आता हा माणूस खरंच उडी मारणार, अशी माझी खात्री झाली. मी धावत जाऊन त्यांची बाही धरली. "बाबा, तुमचा गुडघा!"

बाबांनी खाली होडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सावकाश कोट काढला आणि माझ्या खांद्यांवर टाकला.

"चार वर्षं हीच उडी मारते," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी नुसता बांगडे खातो."

भाईजाननी कपाळाला हात लावला. आजी माझ्याजवळ आली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मंग ह्यो हात कशाला धरतंस?"

मी गळ्यातलं मंगळसूत्र उचलून दाखवलं.

आधी आजी हसली, मग बायका, मग अख्खा धक्का. पीटीच्या सरांना स्वतःच्या छातीवरचा हात घाईघाईने खाली घेताना मी पाहिलं. "तोंड दाव गं यंदा," आजी म्हणाली, "पाठ लय बघितली."

माझ्या अंगात वारं भरलं. टोपी घातली नाही, केस तसेच मोकळे. भाईजान कॅमेरा घेऊन होडीत उतरले. मी धावले, उडी मारली, आणि हवेत असतानाच मला इतकं हसू फुटलं की एजंट दात काढत शत्रूच्या होडीत उतरला. भाईजान कट म्हणायचं विसरले.

तेवढ्यात वरून एक शिट्टी आली. कानठळ्या बसतील अशी. मग दुसरी, मग तिसरी. मला वाटलं तो काशीदचा पठ्ठ्या. वर पाहिलं तर धक्क्याच्या कडेला बाबा होते, तोंडात दोन बोटं, चेहरा लालबुंद. अकरा वर्षं पडद्यावरच असल्यामुळे त्यांना शिट्टी मारायला कधी मिळालंच नव्हतं.