पेशव्यांच्या पंगतीतली यशोदा

दोन हजार तेवीस साल, माघ महिना, थंडी उतरणीला लागलेली. तेव्हाची गोष्ट शेवटी सांगतो. आधी बाकीच्या. आमच्या धंद्यात भांड्याला पोचे पडतात तसे किस्से पडतात. पोचा ठोकून काढता येतो, किस्सा राहतो.

लालबागला आमचा गाळा आहे. मी आणि बाबी परब. दोघेही गिरणीतले. गिरणी गेली, हात राहिले. तांब्या-पितळेची जुन्या घडणीची भांडी ठोकतो, भाड्याने देतो. नाटकं, मंडळांचे देखावे, आणि हल्ली ती अंगरखे घालून एक दिवस पेशवाईत राहणारी मंडळी. सोमवारी परत ऑफिसात!

सगळी भांडी आमची, एक पितळी टोप सोडून. संपाच्या वर्षी बाबीच्या आईने तो शेजारच्या यशोदाकाकीकडून आणला होता, उसन्या तांदळाने भरून. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आणि घरात टोपात घालायला काही नव्हतं. चार दाणे येईपर्यंत काकीचं बिऱ्हाड चाळ सोडून गेलं. कुठे, कोणालाच ठाऊक नाही. बाबीची आई मरताना एवढंच म्हणाली, "काकीचो टोप ऱ्हवलो रे."

टोपावर नाव कोरलेलं होतं. सौ. यशोदा विष्णू तावडे. बाबी तो टोप प्रत्येक कार्यक्रमाला पाठवायचा, नाव लोकांकडे करून. कोणीतरी ओळखेल म्हणून.

*

दादरला एका हॉलमध्ये पेशवाई पंगत होती. प्रमुख प्रधानसाहेब. एरवी बँकेत मोठे अधिकारी, त्या दिवशी कारभारी. फिरत फिरत टोपापाशी आले. वाकून नाव वाचलं.

"परब, पेशव्यांच्या पंगतीत ही यशोदा तावडे कोण?"

"वाढपीण!"

मी टोप भिंतीकडे फिरवला. थोड्या वेळाने बघतो, तर नाव परत समोर.

*

त्याच पंगतीत एक सरदार होता. कमरेला तलवार, ओठावर चिकटवलेल्या मिशा. तांब्यातलं पाणी पिईना. ड्रायव्हरकडून बाटली मागवली आणि हळूच तांब्यात ओतली.

"मला बाहेरचं पाणी बाधतं हो."

बाबी म्हणाला, "सरदार, मग स्वारीला निघालात की मागून बाटल्यांचा टेम्पो काय?"

*

सीरियलवाले एकदा गाळ्यावर आले. त्यांना टोप आवडला. विकत द्या म्हणून मागेच लागले.

"माझा नाही," बाबी म्हणाला.

"मग मालकांशी बोलतो. कुठे भेटतील?"

"भेटले तर मलापण फोन करा!"

*

आता तो माघ. ठाकूरद्वारच्या एका वाडीत माघी गणपतीचा देखावा होता. गडावरचा मुदपाकखाना. अध्यक्ष भांडी बघून म्हणाले, "फारच नवी वाटतात. जरा तीनशे वर्षं जुनी करा."

केली. तेलात काजळी कालवून सगळ्यांना फासली. टोपालाही. नाव काजळीखाली गेलं. बाबी त्या दिवशी जेवला नाही.

"देखावा झाला की पुसू," मी म्हणालो. 

संध्याकाळी भांडी पोचवली. सकाळी मांडायला जातो, तर सगळी सोन्यासारखी लखलखीत! वाडीतल्या बायकांनी चिंच लावून घासून काढलेली. अध्यक्षांनी कपाळावर हात मारला.

"अहो वहिनी, सगळा इतिहास धुतलात!"

"इतिहास तुमचा. नावं आम्हाला ठेवतील! असली काळी भांडी गणपतीपुढे मांडतात?"

त्याच बाईने मग आमचा टोप उचलला. "हा कोणाचा? घासताना नाव दिसलं. यशोदा विष्णू तावडे म्हणजे माझ्या नणंदेच्या सासूबाई. करी रोडला टॉवरमध्ये राहतात."

बाबीने तिच्याकडून पत्ता लिहून घेतला. 

*

दुसऱ्याच दिवशी करी रोडला गेलो. बाबीने टोप तांदळाने शिगोशीग भरला होता. वर फडकं बांधलं होतं. मी धरतो म्हटलं तर देईना.

गेटवर वॉचमनने अडवलं. "डिलिव्हरी? पीछेवाली लिफ्ट से जाओ."

"डिलिव्हरीच आहे," बाबी म्हणाला. "जुनी ऑर्डर."

मागच्या लिफ्टने गेलो.

यशोदाकाकी खिडकीपाशी बसल्या होत्या. नजर अधू झालेली. बाबीने टोप पुढ्यात ठेवला. त्यांनी काठावरून हात फिरवला, बोट नावावर थांबलं. मग बाबीकडे तोंड करून त्याच्या आईचं विचारलं.

"आवशीन धाडल्यान?"

"आवस गेली, काकी."

"मगे इतको उशीर?"

"भरूक वेळ लागलो."

काकी भिंतीला धरून उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, बाबी टोप घेऊन मागे. त्यांनी डबा काढून तांदूळ त्यात ओतून घेतले. टोप पालथा करून बुडावर थाप मारली. अडकलेले दाणेही डब्यात पडले. मग टोप ओट्यावर आपल्या भांड्यांत ठेवला.